दुसऱ्या दिवशीचा रस्ता

टिळकवाडी, बेळगाव
३ जून १९८३

भरमू आज गेला. मुंबईहून विमान, मग आणखी दोन विमानं, एक आगगाडी, एक होडी. देवमासे मारण्यावर देखरेख ठेवणारा आंतरराष्ट्रीय आयोग आहे, त्याने त्याला निरीक्षक नेमलं. एका देशाचं काम दुसऱ्या देशाच्या माणसाने तपासायचं, अशी त्यांची पद्धत. जिथे देवमासे किनाऱ्यावर ओढून कापतात अशा एका गावात तो तीन महिने राहील. गावाचं नाव कुठे सांगू नये असं त्याच्या पत्रात आहे. म्हणून इथेही लिहीत नाही.

निघताना त्याला एकच गोष्ट सांगितली. ज्याचं माप घ्यायचं त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आधी निपाणीत, मग बेळगावात, तंबाखूच्या एक्साइजमध्ये मी तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो. शेतकऱ्याने पीक किती झालं ते सांगायचं, आम्ही जाऊन मोजायचं. तीस वर्षांत कुणाच्या सोप्यात चहा घेतला नाही. पाण्याची बाटली सायकलला बांधलेली असे.

भरमूची आई म्हणाली, "मग पोरगं तीन महिनं काय वारा खाऊन ऱ्हाईल?"

मी म्हणालो, कंपनीची खानावळ असेल.

"कंपनीची म्हंजी त्येंचीच की."



१९ जून

शेजारचे मारुतीराव वकील फाटकाशी थांबले. देवमासा हा मासा की जनावर, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. जनावर, मी सांगितलं. पिलाला दूध पाजतं.

"समुद्रात? दूध?"

"समुद्रात."

"आणि आपला भरमू कुठल्या देशात आहे?"

सांगता येत नाही म्हणालो. ते हसले. काल भरमूचं पोहोचल्याचं पत्र आलं, तेव्हा आम्ही बाजारात होतो आणि पोस्टमनने पाकीट त्यांच्याच हाती दिलं होतं. तिकिटावर देशाचं नाव ठळक आहे.

तिकीट कापून कपाटात ठेवलं.

२७ जून

मोठं पत्र. भरमूची आई चूल सोडून आली, दारात बसून ऐकलं.

काम असं: बोट आली की जनावर उतारावर ओढतात. भरमू टेप घेऊन जातो. माप वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. टेप अंगाच्या गोलाईवरून नेला तर लांबी हात-दीड हात वाढते आणि लहान जनावर मोठं ठरतं. वाचून बरं वाटलं. तंबाखूवर पाणी मारलं की वजन वाढतं, ते ओळखायला मला दोन वर्षं लागली होती. याला पहिल्याच आठवड्यात कळलं.

मग नर की मादी. मादी असेल तर दुभती आहे का. दुभती मारायला बंदी आहे, कारण तिच्यामागे पिलू असतं. प्रत्येक जनावराचा एक तक्ता. तो दिवस संपायच्या आत भरायचा.

"दुभती मारायची न्हाय, एवढं तरी हाय म्हना त्येंच्यात," भरमूची आई म्हणाली.

पत्राच्या शेवटी एक वाक्य. खानावळ नाही. कापणाऱ्यांचा जो मुकादम, त्याच्या घराच्या माडीवर खोली दिली आहे आणि जेवण त्याच्याच घरी.

ते वाक्य मी मोठ्याने वाचलं नाही. पण तिने विचारलंच, "आन् खातोय कुठं?"

२ जुलै

भरमूची आई निपाणीला तिच्या बहिणीकडे जाऊन आली. येताना शेंगा आणल्या, पिशवीभर, आणि काकवीचा एक तांब्या. दर दोन महिन्यांनी जाते, दर वेळी काहीतरी आणते. बहिणीकडे शेत नाही. शेजारपाजार चांगला असावा. शेंगा मात्र नेहमीच उत्तम असतात, भरल्या दाण्याच्या. असा दाणा मी जत्राटकडच्या रानातच पाहिला आहे.

जत्राटवरून भावकू आठवला.

एक्कावन्न साली मी नवा होतो. भावकूच्या वस्तीवर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या आईने चहा आणला. घरातल्या कपात. आमच्या माणसाला घरातला कप तेव्हा त्या भागात कुणी देत नसे. माझी आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. तहान लागली की तिला ओंजळ धरावी लागे आणि पाणी वरून ओतत. मी कपाकडे पाहिलं. नियम सांगितला आणि उठलो. त्या म्हातारीचा चेहरा आठवत नाही. कपाला निळी कड होती.

भावकूशी तरीही बोलणं जमलं. रस्त्यात भेटला की सायकल धरून चालायचा. त्याला वाचायचा नाद होता, मी त्याला जुनी वर्तमानपत्रं द्यायचो. मित्र म्हणावा असा माझा निपाणीत तो एकच. बासष्ट साली त्याच्याच कडब्याच्या गंजीत अकरा बोद, म्हणजे मोठे गठ्ठे, सापडले, न सांगितलेल्या तंबाखूचे. मी पंचनामा लिहिला. माल जप्त झाला. पुढे त्याने तंबाखू लावली नाही असं ऐकलं.

ही गोष्ट मी भरमूला लहानपणी पुष्कळदा सांगितली आहे. सरळ मापाची गोष्ट म्हणून.

१६ जुलै

पत्र. मुकादमाची बायको त्याला पोटभर वाढते. देवमाशाचं मांस खात नाही असं भरमूने म्हटल्यावर ती हसली आणि त्याच्यासाठी अंडी उकडली. भाषा एकमेकांची येत नाही. ती बोटाने वस्तू दाखवते आणि नाव सांगते, हा मराठीत नाव सांगतो. तिला आता "मीठ" म्हणता येतं. थंडी आहे म्हणून तिने त्याच्या डोक्याला दोरी गुंडाळून माप घेतलं आणि लोकरीची टोपी विणली. मुकादमाचा जावई बोटीवर आहे, देवमाशावर भाला सोडायची तोफ तो चालवतो. रविवारी सगळे मिळून जेवतात.

भरमूची आई दोनदा "मीठ" म्हणून बघून हसली.

मी उत्तर लिहिलं. टोपी परत करावी. जेवणाबद्दल आयोगाला कळवून दुसरी सोय मागावी. माणसं चांगली आहेत हीच अडचण आहे, असं लिहिलं. वाईट माणसाचं माप घेणं सोपं असतं.

पत्र टाकून आलो. ती म्हणाली, "टोपी परत कर म्हनून लिवलासा?"

"होय."

"बाईनं डोस्क्याच्या मापाची केलीया. दुसऱ्या कुनाला व्हईल ती?"

५ ऑगस्ट

पत्र एकोणीस जुलैचं. माझं उत्तर त्याला तोवर मिळालेलं नाही.

पूर्ण उतरवून ठेवतो.

"आप्पा, परवा दुपारी एक मादी आली. लांबी ठीक होती. कापायला घेतली तेव्हा मी शेपटीकडे होतो. मुकादमाने पोटाखाली सुरी घातली आणि दूध आलं. थोडं नाही. उतारावरून पांढरं वाहत माझ्या बुटापर्यंत आलं. मुकादमाने लगेच रबरी नळी उघडली आणि धुऊन टाकलं. मग माझ्याकडे पाहिलं. बाकी कुणी पाहिलं नाही. ती त्याच्या जावयाने मारली होती. लिहिलं तर जावयाला बोटीवरून उतरवतील. त्याला दोन मुली आहेत, मला रोज चित्रं काढून देतात. पिलू कुठे असेल याचाही विचार येतो.

तक्ता भरला. 'दुभती' हा रकाना कोरा ठेवला. वीस ऑगस्टला सगळे तक्ते बोटीने जातील. तोवर भरता येईल.

संध्याकाळी खाली जेवायला गेलो. मुकादमाने काही विचारलं नाही. रोजच्याएवढंच वाढलं. 

आप्पा, भावकूकाकांच्या वेळी तुम्ही काय केलंत ते मला पाठ आहे. ते विचारत नाही. दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

भावकूला काका का म्हणतो कळत नाही. त्याने त्याला पाहिलेलंही नाही.

६ ऑगस्ट

पत्र पोहोचायला सोळा-सतरा दिवस लागतात. तार करावी लागेल. सकाळी पोस्टात गेलो. फॉर्म घेतला. "खरं लिही" एवढं लिहिलं. त्याला हे ठाऊक आहे; ठाऊक नसतं तर रकाना कोरा ठेवून तो तळमळला नसता. फॉर्म फाडला. दुसरा घेतला, तोही तसाच घडी करून खिशात ठेवला. खिडकीतला कारकून म्हणाला, "सार, मतलब काय ते तरी सांगा, मी लिहून देतो."

घरी आलो. भरमूच्या आईने पत्र कालपासून देव्हाऱ्यात ठेवावं तसं फळीवर ठेवलं आहे, तथागतांच्या मूर्तीशेजारी.

म्हणाली, "केली तार?"

"नाही."

"त्येनं साधं इचारलंय. दुसऱ्या दिशी काय केलासा. तेवढंच कळवा की."

दुसऱ्या दिवशी मला जत्राटलाच जायचं होतं, दुसऱ्या एका वस्तीवर. भावकूच्या दारावरून रस्ता होता. मी ओढ्याकडून गेलो. तीन मैल लांब पडतं. त्यानंतर निपाणीत होतो तोवर ओढ्याकडूनच गेलो. मग बेळगावला बदली मागून घेतली. तिला हे सांगितलं. असं करण्याचं कारण मी स्वतःला त्या वेळी दिलं होतं: ज्याच्यावर केस आहे त्याच्याशी संबंध ठेवू नये. नियम तसाच आहे.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "केस किती दिस चालली?"

"चार महिने."

"आन् वढ्याकडनं किती वरसं गेलासा?"

मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "उद्या ऐतवार हाय. जाऊन येऊया."

७ ऑगस्ट

पहिल्या बसने निपाणी, तिथून जत्राट. वस्तीपर्यंत चालत. मी मागे राहत होतो. ती पुढे. वाट मला विचारत नव्हती. बाईमाणसाला वाटा लवकर कळतात.

कुत्रं माझ्यावर भुंकलं. तिला पाहून शेपूट हलवायला लागलं. तिच्या पिशवीत भाकरी होती.

भावकूची बायको यशोदाबाई बाहेर आल्या. "बायडाक्का! आगं, कळवायचं तरी. आज सायबास्नी घिऊन आलीस व्हय?"

मी भरमूच्या आईकडे पाहिलं. ती पायरीशी चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने डबे वाजले. साखर कुठे आहे हे तिने विचारलं नाही.

भावकू सोप्यात बाजेवर शेंगा फोडत होता. एका डोळ्यात मोतीबिंदू. केस पांढरे. माझेही आहेत.

"बसा," तो म्हणाला. "वाट चुकलासा काय सायेब?"

"नाही."

"मग एकवीस वरसं चुकला हुतासा म्हना."

 मी म्हणालो, "अकरा बोद होते."

"बारा," भावकू म्हणाला. "एक तुमास्नी घावला न्हाय."

माझ्या पंचनाम्यात अकरा आहेत. मी सगळी गंज उपसायला लावली होती. विचारलं, बारावा कुठे होता?

"ज्येच्यावर बसून तुमी पंचनामा लिवलासा, त्योच. वर घोंगडं टाकलं हुतं. चा घेत न्हाईसा, पानी घेत न्हाईसा, म्हनलं बसायला तरी द्यावं."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला. आतून दोघी हसत होत्या, म्हणजे ही गोष्ट त्यांना आधीपासून ठाऊक होती. मला राग यायला हवा होता. तो येईपर्यंत मीही हसत होतो.

मग भावकूने शेंगांची सालं एका बाजूला लोटली. म्हणाला, "लपवलो मी. हुडकलासा तुमी. त्येचं काय न्हाय सायेब. तुमचं काम हुतं. पर दुसऱ्या दिशी मी दारात हुबा हुतो. म्हनलं, आता येतील, चार शिव्या घालतील, पेपर देतील. तुमी वढ्याकडनं गेलासा. आई म्हनली, आपुन चोर ठरलो, सायेब तोंड बघनार न्हाय आपलं."

"तसं नव्हतं," मी म्हणालो. "तुझं तोंड मलाच बघवेना."

"हां," तो म्हणाला. "हे आईला कळलं असतं तर बरं झालं असतं. लई वरसं झाली जाऊन तिला." पुढे म्हणाला, "कपाचं बी तसंच. तिनं घरातला कप काढला म्हनून भावकी बोलली हुती तिला. आन् तुमी घेतलाच न्हाईसा. मग तर लईच बोलली."

मी सांगितलं की तो नियम होता. सगळ्यांच्या घरी तसंच करायचो.

"ते आमास्नी म्हाईत. भावकीला कोन सांगनार?"

नियम होता हे खरं. पण ओंजळीत पाणी घेणारी आईही त्या वेळी मनात होती, आणि नाही म्हणताना मला थोडं बरं वाटलं होतं. हे त्याला सांगितलं नाही. इथे लिहितो.

यशोदाबाईंनी चहा आणला. स्टीलच्या पेल्यात. माझं लक्ष पेल्याकडे गेलेलं भावकूने पाहिलं.

"त्यो कप हुडकतायसा? नातवानं फोडला. हे चालंल न्हवं?"

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नियम मला लागू नाही. हे तीन वर्षांत सुचलं नव्हतं. चहा घेतला. साखर जास्त होती. ती भरमूची आई घालते तेवढी होती.

निघताना शेंगांची पिशवी तयार होती. तीच पिशवी. घरी खुंटीला असते ती.

त्याच दिवशी, बसमध्ये

विचारलं, किती वर्षं?

"भरमू चार म्हैन्याचा हुता तवापासनं. मला इषमज्वर झाला, दूध आटलं. तुमी फिरतीवर. यशोदा रोज किटलीभर दूध धाडायची निपाणीला. दोन म्हैनं. भरमू त्येच्यावर जगला."

मला गवळ्याचं दूध म्हणून सांगितलं होतं. तपासून पाहावं असं वाटलं नव्हतं.

"म्हणजे पंचनामा लिहिला तेव्हा..."

"व्हय. सात वर्साचा हुता भरमू. पुढं बी माझ्यासंगट यायचा की, कालिजात जाईस्तवर. भावकूच्या खांद्यावर बसून शेंगा खायचा."

संकेश्वर आलं.

मग ती म्हणाली, "आदी सांगितलं असतं तर लिवलं नसतासा व्हय?"

विचार केला. प्रामाणिकपणे केला.

"लिहिलं असतं."

"मग न सांगून काय बिगाडलं?"

आणि पिशवीतल्या चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

८ ऑगस्ट

तार केली. इंग्रजीत करावी लागते. मजकूर असा: पाहिलंस ते लिही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायला जा. मी गेलो नव्हतो. आप्पा.

कारकून म्हणाला, "सार, एक वाक्य काढलं तरी चालेल."

कुठलं, मी विचारलं. "मी गेलो नव्हतो" हे. अर्थ बदलत नाही म्हणाला. मी राहू दे म्हणालो.

१ सप्टेंबर

पत्र. बारा ऑगस्टचं.

तार पोहोचली त्याच्या आदल्या दिवशीच त्याने रकाना भरला होता. "होय." म्हणजे माझी तार त्या कामाला उशिराच पोहोचली. दुसऱ्या कामाला वेळेवर.

मुकादमाला आधी तक्ता दाखवला, मग सही केली. मुकादमाने चष्मा लावून पाहिलं.  जावई दुसऱ्या दिवशी बोटीवर गेला नाही. संध्याकाळी भरमू माडीवरच बसून राहणार होता. तेवढ्यात तार आली. ती घेऊन खाली गेला. मुकादम पाठ करून बसला होता. बायकोने ताट वाढलं. मीठ तिने पुढे केलं नाही. त्याने मराठीत मागितलं. तिने दिलं.

"आप्पा, रोज जातो. रोज तो पाठ करून बसतो. जेवण तेवढंच वाढतात. टोपी परत करायचं तुमचं पत्र मिळालं. केली नाही."

१४ सप्टेंबर

भरमू आला. वाळला आहे. आईने तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि काय खाल्लं नाहीस ते सांग म्हणाली.

विचारलं, मुकादम शेवटपर्यंत पाठच करून?

नाही. सव्वीस दिवस. सत्ताविसाव्या दिवशी ताट घेऊन समोर बसला. बोलला नाही. होडीवर सोडायला बायको आली, दोन्ही नाती आल्या. मुकादम मागून चालत आला. जावई आला नाही. "तो येणार नाहीच," भरमू म्हणाला. "त्याचं बरोबर आहे."

मग त्याने बॅगेतून कागदाची पुडी काढली. मुकादमाच्या बायकोने दिली. तार कुणाची होती हे त्याने तिला खुणांनी सांगितलं होतं: पांढरे केस, वाकलेली पाठ, हातात टेप. आत दुसरी टोपी. राखाडी, कडेला निळी पट्टी.

"माझं माप तिला कुठून?"

"माझ्याच मापाची केली. तुमचं डोकं माझ्याएवढंच आहे, आई म्हणते."

घालून पाहिली. बरोबर होते.

मारुतीराव फाटकातून ओरडले, "अहो, थंडी कुठाय? टोपी कुठली ही?"

मी गावाचं नाव सांगितलं.

१८ सप्टेंबर, रविवार

तिघे जत्राटला. ओढ्याकडून नाही. टोपी घातली होती, ऊन असून. भावकूने चांगल्या डोळ्याने निरखली, काढून घेतली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि परत दिली नाही.

जेवून निघालो तोवर त्याच्याच डोक्यावर होती. मागितली नाही.